एक कॅमेरा, दहा पडदे आणि तिसरा कोठा

नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, मालिकांबद्दल तर रोज कुणी ना कुणी लिहितं. पण आपल्या समाजातल्या बायका ज्या पडद्यासमोर तासन्‌तास मांडी घालून बसतात, त्या मंडपातल्या पडद्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. पंचकल्याणक असो, चातुर्मासातलं प्रवचन असो की एखाद्या बसदीचा वर्धापन दिन, पत्रिकेवर ‘महाप्रसादाची सोय’च्या शेजारी आता ‘भव्य एलईडी स्क्रीनची सोय’ असंही छापलेलं असतं. इकडं बेळगाव, चिक्कोडी, निपाणी, अथणी आणि पलीकडं सांगली-कोल्हापूर, कुठंही जा. स्टेजवर कॅमेरा आणि त्याला जोडलेले पाच, सात, दहा पडदे. मंडपवाल्यांची आणि कमिट्यांची ही एक कलाच झालीय म्हणा ना. मग तिची समीक्षा नको?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पडदे वाढले म्हणजे दर्शन वाढलं, असं होत नाही. दहा पडदे म्हणजे दहा नजरा नव्हेत. एकच नजर दहा ठिकाणी टांगलेली असते, आणि ती नजर कुणाची, हे आपण कधी विचारत नाही.

आधी ही जोडणी कशी असते ते बघू. ‘ती पोरांची कामं’ म्हणून आपण तिकडं फिरकत नाही. पण जिला शिलाई मशीनला दोरा ओवता येतो, तिला हे कळायला अवघड नाही. कॅमेऱ्यातलं चित्र वायरीनं मिक्सरवर येतं. कॅमेरे दोन-तीन असतील, तर मिक्सरवर बसलेला मुलगा बटण दाबून त्यातलं एक निवडतो. निवडलेलं ते एक चित्र पुढं स्प्लिटरमध्ये जातं. स्प्लिटर म्हणजे तळहाताएवढी डबी. तिच्यात एका बाजूनं एक वायर आत जाते, दुसऱ्या बाजूनं चार किंवा आठ बाहेर पडतात. एका नळाला चार तोट्या बसवल्या की पाण्याची धार बारीक होते, तसं इथं होत नाही. ही डबी प्रत्येक वायरीत चित्राची पूर्ण नक्कल भरून पाठवते, आणि त्यासाठी तिला वेगळी वीज लागते.

अंतराचं गणितही असतं. घरातल्या टीव्हीला लावतो ती साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढं दगा द्यायला लागते. चित्र लुकलुकतं, मध्येच काळं होतं. म्हणून लांबच्या पडद्यांना एसडीआय नावाची जाड वायर टाकतात. ती शंभर मीटरच्या आसपास चित्र नीट पोचवते. नाहीतर इंटरनेटला वापरतात ती वायर टाकून तिच्या दोन्ही टोकांना एकेक डबी बसवतात.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार आवडली. प्रत्येक पडदा जोडल्याबरोबर स्प्लिटरला कळवतो, की मला एवढंच बारीक चित्र झेपतं. बरेचसे साधे स्प्लिटर मग सगळ्यांत कमी झेपणाऱ्या पडद्याकडं बघून सगळ्यांना तेवढंच पाठवतात. कुणी श्रद्धेनं घरचा जुना टीव्ही आणून लावला, की त्या एकामुळं बाकीच्या नव्या पडद्यांचंही चित्र उतरतं. पोरं वैतागतात. मी मात्र त्या डबीला मनातल्या मनात हात जोडले. सगळ्यांत अशक्त कोण आहे, हे आधी विचारणारी त्या मंडपात तीच एकटी होती.

दुसरीही एक डबी मिळते. तिला मॅट्रिक्स म्हणतात. तिच्यात तीन-चार वेगवेगळी चित्रं आत देता येतात, आणि कुठल्या पडद्यावर कुठलं चित्र जाईल ते ठरवता येतं. ती स्प्लिटरपेक्षा महाग असते, म्हणून कमिट्या स्प्लिटरवर भागवतात. स्प्लिटर एकाचं तेच सगळ्यांना दाखवतो, मॅट्रिक्स ज्याला जे हवं ते दाखवू शकते. एवढा फरक लक्षात असू द्या. पुढं तो लागणार आहे.

आता जे चांगलं आहे ते मोकळ्या मनानं बोलू. पडदे नव्हते तेव्हा मंडपात काय होतं, हे पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या बायकांना आठवत असेल. पुढं पुरुष, त्यांच्यात मुकुट घातलेले इंद्र, मध्ये बांबूला बांधलेला दोर आणि दोराच्या मागं आपण. जन्मकल्याणकाचा अभिषेक म्हणजे आपल्याला मुकुटांच्या शेंड्यांवरून उडणारे चार थेंब. ‘काय झालं गं?’ असं पुढचीला विचारायचं, ती तिच्या पुढचीला विचारणार, आणि उत्तर मागं येईपर्यंत स्टेजवर भलतंच काही सुरू झालेलं असायचं. त्या मानानं आज सोन्याचे दिवस आहेत. गुडघ्यांमुळं खुर्ची सोडता न येणाऱ्या अज्जींना पांडुकशिला दिसते. ज्यांना कमी ऐकू येतं त्या महाराजांचे ओठ बघून प्रवचन धरतात. लहान पोर मांडीवर असलेली सून कडेला, हवेशीर जागी बसूनही कार्यक्रमात असते. हे थोडं नाही.

१९८७-८८ साली ‘रामायण’ मालिका लागायची तेव्हा आमच्या गल्लीत एका टीव्हीपुढं दहा घरं बसायची. तेव्हा डोळे पुष्कळ होते आणि पडदा एक. आता एका नजरेला पुष्कळ पडदे. पण त्या वेळी आपण जे बघायचो ते दिल्लीनं ठरवलेलं असायचं आणि आपण ते गृहीत धरलेलं होतं. मंडपातला कॅमेरा तर आपल्याच गावातला, आपल्याच पैशाचा. तो काय दाखवतो हे तरी आपल्याला विचारता आलं पाहिजे.

तर काय दाखवतो? आमच्या भागातल्या एका गावी पंचकल्याणकाला मी पाचही दिवस बसले होते, आणि स्टेजइतकंच पडद्याकडं लक्ष ठेवलं होतं. आंधळे आणि हत्तीची गोष्ट आपण पाठशाळेत अनेकांत शिकवताना सांगतो. कुणाला हत्ती खांबासारखा वाटला, कुणाला सुपासारखा. आता समजा, एकाच आंधळ्याच्या हाती हत्तीचा पाय लागला आणि त्यानं ‘खांब, खांब’ म्हणून दहा कर्ण्यांतून ओरडायला सुरुवात केली. मंडपभर आवाज जाईल, पण हत्ती कुणालाच कळणार नाही. तिथं तसंच झालं होतं. कॅमेरा एका जागी, स्टेजच्या उजव्या अंगाला, व्यासपीठावरच्या खुर्च्यांकडं तोंड करून रोवलेला. दहाही पडद्यांवर त्या खुर्च्या.

सवाल सुरू झाले की कॅमेऱ्याला जाग यायची. पहिला कलश कुणाचा, शांतिधारा कुणाची, एकेका आकड्याबरोबर त्या त्या कुटुंबाचा चेहरा पडदाभर यायचा. खाली नाव सरकायचं. सवाल संपून प्रत्यक्ष कलश ढाळताना मात्र चित्र पुन्हा दूरचं. ज्यासाठी सवाल झाला ते लहान आणि ज्यांनी सवाल घेतला ते मोठे. कुणी म्हणेल, ‘अहो, त्यांच्या पैशातूनच तर पडदे आले.’ बरोबर आहे. दान देणाऱ्याचं नाव घ्यावं, हार घालावा, फलक लावावा. पण पूजेतली चौकट त्याला देऊन टाकायची नसते. भगवंतापुढं उभं राहून दान करणारा आणि भगवंताच्या जागी दिसणारा, यात फरक आहे. ज्या दान करणाऱ्याला तो कळतो तो स्वतःच म्हणेल, माझा चेहरा काढा.

केशलोचाचं तर मला फार लागलं. केशलोच म्हणजे शरीरावरची माया उपटून टाकणं. तो बघताना लोक हळूहळू गप्प होत जातात, कुणी णमोकार म्हणतं, कुणाचे डोळे भरतात. तो दुरूनच बघायचा असतो, कारण त्यातलं मोठं काम आपल्या आत चाललेलं असतं. पडद्यावर महाराजांची बोटं आणि उपटलेला केस हातभर मोठा करून दाखवला, आणि खालच्या शेकडो मोबाईलनी पडद्याचा व्हिडिओ काढायला सुरुवात केली. कुठल्याशा कोपऱ्यात टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणारे लोक वाईट नव्हते. मोठं केलेलं चित्र माणसाला प्रेक्षक बनवतं आणि प्रेक्षक टाळ्या वाजवणारच. जवळ नेण्यात एखादी गोष्ट लांबही जाते, हे मिक्सरवरच्या मुलाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच दुपारी माताजींचं प्रवचन झालं. सुरेख बोलल्या, सोप्या कानडी-मराठीत, घरात राहून कषाय कसे ओळखायचे त्यावर. मंडपात बायका जास्त होत्या. पूर्ण वेळ पडद्यावर तेच रिकाम्या खुर्च्यांचं चित्र आणि कडेला ठिपक्याएवढ्या माताजी. मिक्सरवर कुणीच नव्हतं. पोरं जेवायला गेली होती.

आवाजाचंही एक बघा. मागच्या पडद्यांपाशी कर्णे लावलेले असतात. त्यात आवाज वायरीतून क्षणात पोचतो. चित्र मात्र मिक्सर, स्प्लिटर, मोठ्या पडद्याची नियंत्रण पेटी असे टप्पे घेत येतं. चित्राच्या सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या, तर प्रत्येक टप्प्यावर एखाददुसरी चौकट मागं पडते. चार टप्प्यांत पाव सेकंदाच्या आसपास जातो. मग आवाज आधी आणि ओठ मागून, असं होतं. तरुण डोळ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण ओठ बघून ऐकणाऱ्या अज्जींचं सगळं त्यावरच चाललेलं असतं. यावर उपाय सोपा आहे. आवाजही तेवढाच थांबवून सोडायचा. साउंडवाल्याकडं ती सोय असते, फक्त मागं जाऊन, खाली बसून कुणीतरी बघावं लागतं.

आता या लेखाचं खरं कारण. त्या पंचकल्याणकात एक पडदा स्वयंपाकाच्या शेडमध्ये लावला होता. कमिटीनं तो कौतुकानं दाखवला, आणि कौतुक करण्यासारखाच होता. पहाटेपासून पुऱ्या लाटणाऱ्या, हुग्गी ढवळणाऱ्या, त्यागींचा चौका सांभाळणाऱ्या बायकांना जन्माभिषेक दिसला. त्यातल्या काहींना आयुष्यात पहिल्यांदा. पीठ लागलेले हात जोडून त्या उभ्या राहिल्या. ते बघून माझ्याही घशात आलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एक काकी हात धुऊन, पदर सारखा करून मंडपाकडं निघाल्या, तेव्हा एक कार्यकर्ता अगदी प्रेमानं म्हणाला, ‘काकी, तुमच्यासाठी स्क्रीन लावलाय की हितं. कशाला धावपळ करताय मंडपात?’

काकी परत फिरल्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्यामुळं मला बोलावं लागतंय.

आदल्या वर्षापर्यंत ‘बायकांना स्वयंपाकातून मोकळं करायला हवं, पाळ्या लावायला हव्यात’ असं निदान कुणी म्हणायचं तरी. पडदा आला आणि तो विषयच संपला. वायर शेडपर्यंत पोचली, मग बाईनं मंडपापर्यंत यायची गरज काय? पडदा जागेसोबत मिळाला तर ती सोय आहे. जागेऐवजी मिळाला तर तो दरवाजा बंद करण्याचा नवा, उजळ प्रकार आहे. शिवाय पडद्यातून सगळं येतं असंही नाही. गंधोदक येत नाही. ते कपाळाला लावायला हात पुढं करावा लागतो, आणि त्यासाठी तिथं असावं लागतं.

लांबच्या माणसाला कसं दिसावं, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. त्यांच्याकडं वीज नव्हती, पण उत्तरं होती. पहिलं उत्तर म्हणजे मूर्ती एवढी उंच घडवायची, की मागं बसलेला असा कुणी उरतच नाही. श्रवणबेळगोळचा गोमटेश ५७ फुटी आहे, एका पाषाणातला. आपल्या जवळचा कुंभोजचा बाहुबली २८ फुटी. महामस्तकाभिषेकात दुधाची धार मस्तकावरून पायापर्यंत येताना राजालाही दिसते आणि पायरीवर बसलेल्या गड्यालाही. कुठलीच चौकट आड येत नाही. जो तो आपल्या डोळ्यांनी, आपल्याला हवं तिथं, हवं तेवढा वेळ बघतो.

दुसरं उत्तर चतुर्मुख. कारकळची चतुर्मुख बसदी १५८६ सालची. चारही बाजूंना सारखे दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजातून अर, मल्ली आणि मुनिसुव्रत या तिघांच्या उभ्या मूर्ती दिसतात. तिथं पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, सांगताच येत नाही. राणकपूरच्या पंधराव्या शतकातल्या आदिनाथ मंदिरातही गाभारा असाच चौमुखी आहे. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी चतुर्मुख नाही, पण तिच्या मंडपाच्या छतावरचं पाकळ्यांचं दगडी कमळ बघा. खाली कुठंही उभे राहा, ते आपल्याकडंच उमललेलं वाटतं.

या सगळ्याचं मूळ समवसरणात आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात समवसरणाचं लांबलचक वर्णन आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकींनी ते पाठशाळेत नाहीतर प्रवचनात ऐकलंय. भगवान पूर्वेकडं तोंड करून बसलेले, पण चारही दिशांना त्यांचं मुख दिसतं. भोवती बारा कोठे. तिसऱ्या कोठ्यात आर्यिका आणि श्राविका, अकराव्यात मनुष्य, बाराव्यात पशू. मूळ एक आणि दर्शनं चार, म्हणजे आपल्या मंडपवाल्यांच्या भाषेत एक सोर्स आणि चार आउटपुट. पण बघा, तिथं चारही मुखं सारखी आहेत. तिसऱ्या कोठ्याला भगवंतांची पाठ दिसत नाही आणि बाराव्या कोठ्यातल्या हरिणालाही दिसत नाही. तिसऱ्या कोठ्यातल्या बाईला, ‘तू चौथ्या दिशेच्या मागं शेडमध्ये बस, तिथं तुला दिसेल’ असं कुणी म्हटलेलं नाही. तिची जागा सभेतच आहे.

दिव्यध्वनीचंही तसंच. ध्वनी एक, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो आपापल्या भाषेत कळतो. आमच्या सीमाभागात तर ही रोजची गरज आहे. एकाच सतरंजीवर मराठी बोलणारी आणि कानडी बोलणारी बसलेली असते, आणि प्रवचन हिंदीत चालू असतं. एका पडद्यावर खाली कानडीत सार लिहून येत असेल आणि दुसऱ्यावर मराठीत, तर? मघाची मॅट्रिक्स डबी आठवा. हे आजच्या आज होण्यासारखं आहे. लागते ती एक जास्तीची डबी आणि टाइप करणाऱ्या दोन मुली.

ज्ञानकल्याणकाच्या दिवशी आपण स्टेजवर समवसरणाची रचना करतो. पुठ्ठ्याचे कोठे, रंगवलेले मानस्तंभ, बाराव्या कोठ्यात मातीचे वाघ आणि गाय शेजारी शेजारी. त्या दिवशी कॅमेऱ्यानं ती रचना एकाच अंगानं दाखवली, समोरून. तिसरा कोठा चौकटीत आलाच नाही.

गोमटेशाचा विषय निघालाय तर गुळ्ळकायज्जीची गोष्ट टाळता येत नाही. चामुंडरायानं पहिला अभिषेक केला तेव्हा हंडेच्या हंडे दूध ओतूनही ते मूर्तीच्या पायापर्यंत उतरेना. शेवटी एक म्हातारी पुढं आली. तिच्या हातात गुळ्ळकायीच्या फळाची पोकळ वाटी आणि त्यात इवलंसं दूध. त्या दुधानं सगळी मूर्ती न्हाली. आजही बेट्टावर गोमटेशासमोर तिची मूर्ती आहे. मला सांगा, त्या दिवशी तिथं आपला मंडपातला कॅमेरा असता तर तो कुणावर असता? चामुंडरायावर. त्याचे हंडे, त्याचा परिवार, खाली सरकणारं नाव. म्हातारी कडेनं पुढं येईपर्यंत पोरं जेवायला गेली असती. दहा पडद्यांवर चमत्कार दिसला असता, पण तो कुणामुळं झाला हे एकावरही दिसलं नसतं. गोष्ट आपल्यापर्यंत आली, कारण तिथं कुणीतरी कडेला बघत होतं, आणि पुढं कुणीतरी तिची मूर्ती घडवली. कॅमेऱ्याकडून माझं एवढंच मागणं आहे. अधूनमधून कडेला बघ.

एका गोष्टीकडं मात्र डोळेझाक करता येणार नाही, आणि ती बायकांपुरती नाही. चातुर्मासात संध्याकाळनंतरही पडदे चालू ठेवायची पद्धत पडते आहे. आरती, सांस्कृतिक कार्यक्रम, दिवसाच्या प्रवचनाचं पुन्हा दर्शन. पावसाळ्याच्या दिवसांत एवढा मोठा उजेड उघड्यावर पेटवला की काय होतं, ते पडद्याच्या पायाशी जाऊन बघा. पाखरांचा सडा. सूर्यास्तानंतर आपण जेवत नाही, पाणी गाळून पितो, जीव मरू नयेत म्हणून महाराज चार महिने एका जागी थांबतात. आणि त्या महाराजांचंच प्रवचन रात्री दहा पडद्यांवर लावून आपण हजारो जीव त्या उजेडाकडं ओढतो. एक दिवा लावायचा तरी आपल्या आज्या त्याला काच घालायच्या. इथं दहा भिंती पेटल्यात आणि काच एकीलाही नाही. ही चूक तंत्राची नाही. दिवस मावळला की बटण बंद करायचं, इतकं ते सोपं आहे. रात्रीचं प्रवचन ज्यांना ऐकायचंय त्यांना आवाज पुरेसा आहे.

मग पडदे काढून टाकावेत का? अजिबात नाही. काढले तर पुन्हा आपणच मुकुटांच्या मागं जाऊ. मी म्हणते, त्यांच्याकडं कार्यक्रमाचा भाग म्हणून बघा, मंडपाची सजावट म्हणून नको. पूजेला प्रतिष्ठाचार्य लागतात, अन्नाला शोध लागतो, तसा कॅमेऱ्यालाही विवेक लागतो. कुठला क्षण जवळून दाखवायचा, कुठला दुरून, कुठल्या क्षणी पडदा नुसता शांत ठेवायचा, हे आदल्या दिवशी महाराज-माताजींना विचारून कागदावर लिहून ठेवता येतं. केशलोच दुरून. सवालाच्या वेळी भगवंतांचं चित्र, नाव आवाजातून. अभिषेकाच्या वेळी धार. माताजींच्या प्रवचनाला कॅमेऱ्यामागं माणूस हवाच, आणि तो माणूस बाई असायला काय हरकत आहे? आपल्या मुली बेळगावात, सांगलीत, कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकताहेत. घरचे चार टीव्ही जोडून देणाऱ्या पोरींना मंडपात आपण फक्त रांगोळी काढायला बोलावतो.

पुढच्या उत्सवाची मिटिंग लागली की कमिटी नेहमीप्रमाणं विचारेल, ‘स्क्रीन किती लावायचे?’ तेव्हा मागच्या रांगेतून आपण तीन प्रश्न विचारूया. कॅमेरे किती आणि कुठं? मिक्सरवर कोण बसणार? आणि शेडमधल्या बायकांच्या पाळ्या कशा लावल्यात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘तिथं स्क्रीन आहे की’ असं आलं, तर तो प्रश्न पुन्हा विचारायचा. पुरी लाटायला पुरुषही बसू शकतात. हवं तर तो पडदा त्यांच्यासाठी राहू दे.